गीताची हाक आणि श्रोत्याची ओ

सामान्यतः गीत हे कशाविषयी तरी असते. कोणी देवाची स्तुती गातो, कोणी पावसाचे वर्णन करतो, कोणी वियोगाचे दुःख सांगतो आणि श्रोता दूर बसून ते ऐकतो. परंतु मराठी गीतपरंपरेत अशा रचनांचे एक मोठे कुळ आहे की, ज्या आपला विषय सांगता सांगता मध्येच मान वर करून श्रोत्याकडे पाहतात. त्या त्याला लक्ष देण्यास सांगतात, कधी त्याला प्रश्न घालतात, आणि आपण कोणाची रचना आहोत, कोणत्या गुरूच्या प्रसादाने जन्मलो, हेही आपल्याच तोंडाने सांगून मोकळ्या होतात. जात्यावरची ओवी, संतांचा अभंग, शाहिराचा पोवाडा आणि कोकणातील जाखडी या सर्वांत हा गुण कमीअधिक प्रमाणात आढळतो. मॉरिशस बेटावर तो गणेशोत्सवातील झाकरीच्या रूपाने आजही ऐकू येतो.

करारबद्ध मजुरांच्या वंशजांना या गुणाचे महत्त्व इतरांपेक्षा अधिक वाटले पाहिजे. १८३४ च्या २ नोव्हेंबर रोजी ‘ॲटलस’ नावाच्या जहाजातून ३६ मजूर मॉरिशसला आले, आणि तेथून पुढे सुमारे पाऊणशे वर्षांच्या अवधीत साडेचार लाखांवर माणसे हिंदुस्थानातून या बेटावर उतरली. त्यांपैकी काही मुंबई बंदरातून निघालेली मराठी माणसे होती, आणि त्यांत कोकणपट्टीतील कुटुंबांचा भरणा मोठा होता. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ही माणसे उतरली, तो आता आप्रवासी घाट या नावाने २००६ पासून जागतिक वारसास्थळ म्हणून गणला जातो. तेथे प्रत्येकाची नोंद झाली. नाव, बापाचे नाव, जात, गाव, वय, अंगावरील खूण, आणि या सर्वांहून कारभाराच्या दृष्टीने महत्त्वाचा असा एक क्रमांक. नाव लिहिणाऱ्या कारकुनाला मराठी कळत नव्हते. त्यामुळे आजोबांचे नाव नोंदवहीत एक, घरात दुसरे आणि जन्मदाखल्यावर तिसरेच, असा अनुभव कितीतरी घराण्यांचा आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या नोंदवह्या जपून ठेवलेल्या आहेत, आणि आपले मूळ शोधणाऱ्यांना त्यांचा मोठा आधार आहे. परंतु नोंदवही ‘तू कितवा’ एवढेच विचारते. ‘तू कोणाचा’ हा प्रश्न विचारण्याचे काम त्या काळात गीतांनी केले.

ग्रंथारंभीची विनंती

मराठी भाषेच्या थेट आरंभीच या प्रकाराचा थोर नमुना भेटतो. ज्ञानेश्वरी हा ग्रंथ शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झाला, ही माहिती ग्रंथच आपल्या शेवटच्या ओव्यांत देतो. तो कोठे सांगितला गेला आणि कोणी लिहून घेतला, हेही तेथेच आहे. ज्ञानेश्वर महाराज गीतेचा अर्थ सांगत असताना वारंवार श्रोत्यांकडे वळतात. नवव्या अध्यायाच्या आरंभी ते श्रोत्यांपाशी दुसरे काही न मागता केवळ अवधान मागतात. सहाव्या अध्यायात ते आपल्या मराठी बोलीविषयीच बोलू लागतात आणि तिच्या गोडीची पैज अमृताशी लावतात. ज्या काळी धर्मविचार संस्कृतातच सांगावा असा दंडक होता, त्या काळी ओवीने स्वतःच्या भाषेचा असा अभिमान उघडपणे बोलून दाखवावा, यात फार मोठे धैर्य होते. परमुलखात मराठी बोलणाऱ्याने हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

रामकथेतही हाच चमत्कार आहे. लव आणि कुश रामायण गातात, आणि ऐकणारा श्रोता असतो स्वतः राम. कथेचा नायक आपलीच कथा ऐकत बसला आहे आणि गाणारे आपलेच पुत्र आहेत, हे त्याला ठाऊक नाही. वाल्मीकींची ही योजना ग. दि. माडगूळकर यांनी गीतरामायणात नेमकी आरंभालाच घेतली. सुधीर फडके यांनी संगीत दिलेली ही ५६ गीते १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाली. त्यांतील पहिले गीत गाण्याविषयी आणि ऐकण्याविषयीच आहे. रामकथा सांगण्यापूर्वी ती कशी गायिली गेली आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी कसे आले, हे गीत आधी सांगते. श्रोत्याने कसे ऐकावे, याचा पाठच तेथे मिळतो.

जात्यापुढची हाक

संत आणि कवी यांच्या बरोबरीने, किंबहुना संख्येने त्यांच्याहून कितीतरी अधिक अशी रचना अनाम स्त्रियांनी केली आहे. पहाटे जात्याचा खुंटा हाती धरून दळताना गाइलेली ओवी हे तिचे मुख्य रूप होय. या ओवीची बांधणी लहान, दोन ओळींची, कारण जात्याच्या फेऱ्यांशी आणि श्वासाशी तिला जुळवून घ्यावे लागे. या ओव्यांत दळणारी स्त्री कोणाला तरी हाक घातल्यावाचून बोलतच नाही. ती जात्यालाच देव समजून त्याच्याशी बोलते, शेजारणीला साद घालते, दूर गावच्या भावाला बोलावते, सासरी गेलेल्या लेकीला समजावते. ती आपल्या ओव्यांना क्रमांकही देते, आणि पहिली कोणत्या देवाला, दुसरी कोणाला, अशी वाटणी करीत जाते. जात्यावर बसले म्हणजे ओवी आपसूक सुचते, असे ओवीच्याच तोंडून सांगणेही तिला आवडते. अशा रीतीने गीत आपल्या जन्माची हकीकत आपणच सांगते.

गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ग्रामीण भारताच्या ‘पारी’ या संग्रहालयाने २०१७ पासून त्या क्रमाक्रमाने लोकांपुढे आणल्या आहेत. हा संग्रह चाळताना एक गोष्ट लक्षात येते. ओवीत भावाचे नाव असते, गावाचे असते, देवाचे असते. गाणारीचे मात्र क्वचितच असते. तिचा परिचय तिने ज्यांना हाक मारली त्यांच्यावरून करून घ्यावा लागतो. मॉरिशसला गेलेल्या पणजीचे नाव नोंदवहीत चुकीचे लागले असेल, तर तिने कोणाला हाक मारली हे कोणाच्या तरी स्मरणात उरले असण्याचा संभव आहे. ते उरले असेल, तर ते त्या घराण्याचे धनच समजावे.

पिठाची गिरणी आली आणि जाते माजघराच्या कोपऱ्यात गेले. मॉरिशसच्या स्वयंपाकघरात मसाला वाटण्याचा दगड ‘रोश कारी’ या नावाने राहिला. परंतु वाटणाऱ्या हाताची पुढे-मागे होणारी गती वेगळी आणि जात्याची गोल गती वेगळी. ज्या कामाने गीताला ताल दिला ते काम गेले की गीताचे पाय सुटतात, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे.

नाममुद्रा

ओवी जेथे गाणारीचे नाव झाकते, तेथे अभंग कर्त्याचे नाव शेवटी ठळकपणे उच्चारतो. यास नाममुद्रा म्हणतात. तुकाराम महाराजांची मुद्रा तर मराठी मुलाला अक्षरओळख होण्यापूर्वीच पाठ होते. नामदेव, चोखामेळा, बहिणाबाई यांनीही आपापली नावे अशीच गुंफली. एकनाथांनी आपल्या नावाला गुरू जनार्दनस्वामींचे नाव जोडले, तर जनाबाईने आपले नाव नामदेवाच्या आश्रयाने सांगितले. पोवाड्यातही हीच रीत आहे. अफझलखानाच्या वधाचा जुना पोवाडा रचणाऱ्या अज्ञानदासाचे नाव त्या पोवाड्यातूनच कळते. लावणीत होनाजी बाळा ही मुद्रा प्रसिद्ध आहे. ती पाहून हे एकाच माणसाचे नाव असावे, असा अनेकांचा समज होतो. वस्तुतः त्यात होनाजी हा रचणारा आणि बाळा हा गाणारा, अशा दोघांची नावे एकत्र नांदत आहेत. रचणाऱ्याइतकाच गाणाराही गीताचा धनी होय, ही समज त्या दोन नावांत आहे.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. मुद्रा असली म्हणजे रचना त्याच पुरुषाची, असे निश्चयाने म्हणता येत नाही. तुकोबांच्या नावावर पुढील काळातील अनेकांनी अभंग रचले, आणि कोणते मूळचे व कोणते मागाहून घातलेले, याचा निवाडा करताना विद्वानांची दमछाक झाली. तथापि या गोष्टीकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. ज्याने तुकोबांच्या नावाने अभंग रचला, त्याने आपले नाव पुसून एका मोठ्या नावात विसावा घेतला. शिवाय जो कोणी अभंग गातो, तो शेवटच्या चरणात क्षणभर तुकोबांच्या वतीने बोलतो. उसाच्या मळ्यात क्रमांकाने ओळखला जाणारा मजूर संध्याकाळी टाळ हाती घेऊन तो चरण म्हणे, तेव्हा त्याच्या मुखातून देहूचा संत बोलत असे. दिवसभर हिशेबात असलेला मनुष्य तेवढ्यापुरता परंपरेत असे.

सवाल आणि जबाब

कोकणातील जाखडी किंवा शक्ती-तुरा हा प्रकार या कुळातील सर्वांत लढाऊ होय. गाणारे आणि ढोलकी वाजविणारे मध्ये बसतात. नाचणारे पायात घुंगरू बांधून त्यांच्याभोवती फेर धरतात. आरंभी गणेशाचे स्तवन, म्हणजे गण. त्यानंतर गौळण, आणि मग सवाल-जबाब. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानतात, तुरेवाले शिवाला. एक पक्ष पुराणातील कोडे घालतो आणि दुसऱ्याला उत्तर देण्याचे आव्हान करतो. उत्तर सुचले नाही, तर समोरच्या शाहिराची सभेत फजिती होते. शेवटच्या कडव्यात शाहीर आपले नाव, गुरूचे नाव आणि बहुधा गावाचेही नाव गोवतो. यास ‘छाप’ म्हणण्याची रीत आहे.

अशा गीतात श्रोता हा निमित्तमात्र राहत नाही. गीत त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा करते, आणि उत्तर आल्यावाचून ते पुरे होत नाही. म्हणून जाखडीचा शाहीर केवळ गोड गळ्यावर मोठा होत नसे. त्याला पुराणे ठाऊक असावी लागत, शीघ्र रचना करावी लागे, आणि आपल्याला कोणी शिकविले हे चारचौघांत सांगावे लागे. शाळा नसलेल्या वाड्यावस्त्यांवर हीच शाळा होती.

हा प्रकार समुद्र ओलांडून मॉरिशसला आला आणि तेथे झाकरी या नावाने रुजला. काळी नदीच्या परगण्यातील कास्कावेल गावी १८९६ मध्ये गणेशोत्सवास आरंभ झाला, असे परंपरेने सांगितले जाते. लोकमान्य टिळकांनी पुण्यात सार्वजनिक उत्सवाला जे रूप दिले, त्यास तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती. आजही त्या उत्सवात ढोलकीच्या तालावर फेर धरला जातो आणि गणाने आरंभ होतो.

समैस्म्याच्या किनाऱ्यावर

मुंबई बंदरातून मजुरांची जहाजे दक्षिणेला मॉरिशसकडे जात असत, त्याच बंदरात पश्चिमेकडून, इराणी आखातातून, मोत्यांची आवक होत असे. आखातातील मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबई होती, आणि हिंदी रुपया कतारमध्ये १९६६ पर्यंत चालत असे. यास्तव हाकेच्या गीतांचा विचार करताना त्या दुसऱ्या किनाऱ्याकडेही एकदा पाहणे अप्रस्तुत ठरणार नाही.

कतार देशात दोहा शहराच्या उत्तरेस, पूर्व किनाऱ्यावर समैस्मा नावाचे गाव आहे. आज तेथील समुद्रकिनाऱ्यावर कुटुंबेच्या कुटुंबे फिरावयास येतात. परंतु १९४९ मध्ये कतारमधून तेलाची निर्यात सुरू झाली, त्यापूर्वी या किनाऱ्यावरील गावांचे पोट मासळीवर आणि मोत्यांवर चालत असे. उन्हाळ्याचे सुमारे चार महिने पाणबुडे नावेवरच राहत. नावेच्या मालकास वा तांडेलास तेथे नाखुदा म्हणतात. कोकणातील ‘नाखवा’ हा शब्द त्याचाच सख्खा भाऊ होय. पाणबुडे हंगामापूर्वी नाखुद्याकडून उचल घेत, ती सहसा फिटत नसे, आणि पुष्कळदा बापाचे कर्ज मुलाच्या मानेवर येई. करारबद्ध मजुरांच्या वंशजांना ही कहाणी परकी वाटणार नाही.

या नावांवर ‘नह्हाम’ नावाचा एक माणूस असे, आणि गाणे हेच त्याचे काम. वल्ही मारताना एक गीत, शीड उभारताना दुसरे, नांगर ओढताना तिसरे. तो वरच्या पट्टीत हाक घाली आणि खलाशी खर्जातील दीर्घ हुंकाराने तिला साथ देत. आपल्याकडील झीलकरी शाहिराची झील धरतात, त्याचेच हे दुसरे रूप. तिकडे किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्या स्त्रियांचीही गीते होती. त्यांतील एक आखातभर प्रसिद्ध आहे. त्यात स्त्रिया थेट समुद्राला दटावतात, आमची माणसे इतके महिने अडकवून ठेवल्याचा पश्चात्ताप करावयास सांगतात. जात्याला देव म्हणणारी कोकणची बाई आणि समुद्राला जाब विचारणारी ती बाई यांची भाषा वेगळी, धर्म वेगळा. पण ज्याच्यापुढे आपला निरुपाय आहे त्याच्याशी बोलण्याची रीत एकच आहे.

जपानी कृत्रिम मोती बाजारात आले, १९३० च्या सुमारास जगभर मंदी पसरली, आणि हा धंदा बसला. त्याबरोबर नावेवरचा हुंकारही मावळला. त्यानंतर ती गीते किनाऱ्यावरच्या मंडळांतून, समारंभांतून उरली. बहरीनची ‘फिजिरी’ गीते २०२१ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट झाली, हे योग्यच झाले. तथापि जेथे नांगर ओढावयाचा नाही तेथे नांगर ओढण्याचे गीत गावे लागते, ही त्यातील खंत कोणाच्याही लक्षात येईल.

हाकेला ओ

मॉरिशसमध्येही वारशाची कदर होऊ लागली आहे. सेगा २०१४ मध्ये आणि भोजपुरी स्त्रियांची गीत-गवाई २०१६ मध्ये त्याच यादीत आली. झाकरीचा मान कागदोपत्री वाढला तर आनंदच आहे. पण यादीने गीत जगत नाही. घराघरांत आज क्रेओल बोलली जाते आणि मराठी ही शाळेतल्या तासाची, पूजेची आणि उत्सवाची भाषा झाली आहे. झाकरीतील शब्द अनेक तरुण कानाने पाठ करतात. स्वर बिनचूक, पाय बिनचूक, परंतु मध्येच गीत श्रोत्याला प्रश्न घालते, तेव्हा तो प्रश्न आहे हेच पुष्कळांना उमगत नाही. देवाची स्तुती अर्थ न कळताही भक्तिभावाने म्हणता येते. सवालाचे तसे नाही. ज्याला सवाल कळला नाही तो जबाब देणार कसा? हाक मारणाऱ्या गीतावर भाषेच्या विस्मरणाचा घाव असा सर्वांत आधी बसतो.

यावर उपाय अवघड नाहीत. ज्या घरी जुन्या गीतांची वही असेल, मग ती देवनागरीत असो वा रोमन अक्षरांत, त्या घराने ती वही मंडळाकडे नकलेसाठी द्यावी. ज्या आजीला दोन ओव्या आठवत असतील, तिच्याजवळ नातवंडाने बसून त्या लिहून घ्याव्यात, आणि ओवीत कोणाला हाक आहे, तो भाऊ कोण, ते गाव कोणते, हेही विचारावे. गीताची प्रत करताना शेवटचे कडवे वगळू नये. नाचाला लांबण लागते म्हणून छापेचे कडवे गाळण्याचा मोह होतो. परंतु नावे असतात ती त्याच कडव्यात. शाळेत मराठी शिकविणाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी मुलांचे दोन पक्ष करून सवाल-जबाबाचा फड मांडावा. कोडे गणपतीच्या कथेतले असो वा उसाच्या शेतातले, ते मराठीत घातलेले आणि मराठीत सोडविलेले असावे.

याहूनही पुढचे एक पाऊल आहे. शाहिराने गुरूचे नाव सांगून मग आपले सांगितले, त्या अर्थी नवीन नाव जोडण्याची मोकळीक त्याने मागच्यांनाही ठेवलेली आहे. कास्कावेलच्या किंवा वाक्वाच्या मुलाने गण रचला, त्याच्या शेवटी आपल्या गुरुजींचे, आपल्या गावाचे आणि आपले नाव घातले, तर परंपरेचा भंग होणार नाही. उलट ती खऱ्या अर्थाने पुढे सरकेल. पूर्वजांच्या छापेखाली आपली छाप उमटविणे हाच त्यांना दिलेला जबाब होय.

मराठीत हाकेला ‘ओ’ देतात. कोणी नावाने हाक मारली आणि आपण ओ दिली नाही, तर ते उद्धटपणाचे समजले जाते. शेकडो वर्षे ओवी, अभंग आणि जाखडी हाक मारीत आल्या आहेत, आणि ती हाक समुद्र ओलांडून याही बेटावर पोहोचलेली आहे. येत्या चतुर्थीला फेर धरला जाईल, ढोलकीवर थाप पडेल आणि शाहीर श्रोत्यांना अवधान मागेल. तेव्हा मंडपातील लहानथोरांना ती विनंती समजावी आणि त्यांनी मोकळ्या कंठाने ओ द्यावी, एवढीच गणरायाच्या चरणी प्रार्थना.